सुकी फरशी

आमच्या बॉयलरघराची फरशी सुकी दिसली की अजून मी दारातच थबकतो. तपासणीला येणाऱ्यांना, नव्या साहेबांना वाटतं, वा, किती स्वच्छ ठेवलंय. मी आधी पंपाशेजारच्या नरसाळ्याकडे बघतो. त्यात पाण्याची धार पडताना दिसली, की मग त्या लोकांशी बोलतो. हा माणूस तुसडा आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही.

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना आहे. टेबलांवर, कपाटांवर चिकटवतात ते चकचकीत लॅमिनेटचे पत्रे आम्ही करतो. कागदांची चळत लोखंडी पाटांमध्ये घालायची, दाबायची आणि तापवायची, एवढंच ते काम. तापवण्यासाठी पाटांच्या पोटातून पाणी फिरतं, तेही दीडशे अंशांच्या पुढचं. दाबाखाली कोंडलेलं असतं म्हणून ते पाणी राहतं. बारीकशी वाट मिळाली की तिथल्या तिथे त्याची वाफ होते. हे पाणी बॉयलरकडून पाटांकडे आणि पाटांकडून परत बॉयलरकडे फिरवत ठेवायचं काम दोन पंपांचं, एक चालू आणि एक राखीव. पंप बंद पडला तर बॉयलर म्हणजे नुसती तापलेली टाकी. पण पाहुणे येतात ते बॉयलरसमोर उभे राहून फोटो काढून जातात. पंपाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मी पेडण्याकडचा, कोरगावचा. घरची थोडी काजूची बाग, आयटीआयचं सर्टिफिकेट आणि स्थानिक म्हणून लागलेली कायम नोकरी, ही माझी कमाई. ज्यांनी मला काम शिकवलं ते चंदगडकडचे, ठेकेदाराचे माणूस. बॉयलर चालवायचा परवाना त्यांच्याकडे, अक्कल त्यांच्याकडे, पण कायम मी. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. पाठीमागे काही जण घाटी म्हणायचे. सुरुवातीला मीही म्हटलंय, ते लपवत नाही. बायको गावी आणि मामा साखळी गावात एका खोलीत. सकाळी येताना ते पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे घेऊन यायचे. त्या कडक पावाचं त्यांना भारी कौतुक. उंडा हातात धरून दोन्ही अंगठ्यांनी असा फोडायचे की कवचाचा आवाज व्हायचा, मग अर्धा माझ्याकडे सरकवायचे.

त्यांनी मला पहिली गोष्ट शिकवली ती दांड्याची. पंपाचा दांडा एका टोकाला मोटारीला जोडलेला आणि दुसरं टोक पाण्यात. म्हणजे दांडा जिथून आत जातो तिथे भोक असणारच, आणि भोक आहे तिथून पाणी बाहेर यायला बघणारच. पंपाची सगळी दुखणी त्या भोकाशी, असं मामा सांगायचे. जुन्या पंपांना त्या जागी तेलकट दोरीचे वेढे असायचे, वरून आवळलेले. तिथलं गणित उलटं, ती दोरी ठिबकलीच पाहिजे. थेंब थांबवायला गेलात तर दोरी दांड्याला घासून जळते. नव्या माणसाला थेंब दिसला की हात शिवशिवतो. मीही पाना घेऊन आवळलं होतं, लागल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात. मामा ओरडले नाहीत. मान धरून मला वाकवलं आणि जळक्या दोरीचा वास हुंगायला लावला.

मग दोरी गेली आणि मेकॅनिकल सील आलं. त्यात दोन चकत्या असतात. एक जागच्या जागी बसलेली, दुसरी दांड्याबरोबर फिरणारी, आणि मागून स्प्रिंग दोघींना एकमेकींवर दाबून धरते. एक कार्बनची, एक कडक, काचेसारखी. इतक्या सपाट घासलेल्या की एकीवर एक ठेवून उचललं तर दोन्ही उचलल्या जातात. त्यांच्यामध्ये पाण्याचा एक पापुद्रा असतो, डोळ्याला न दिसणारा, आणि त्याच्यावरच त्या फिरतात. तो पापुद्रा आटला की चकती चकतीला खाते. एवढ्या गरम पाण्यात तो आटायचाच, म्हणून सीलला वेगळं गार पाणी फिरवून थंड ठेवायचं. हे गार पाणी काम करून बाहेर पडतं ते एका उघड्या नरसाळ्यात, म्हणजे ते वाहतंय की नाही हे येता-जाता डोळ्यांना दिसावं. तिथे शिंतोडे उडतात. त्यामुळे पंपासमोरची फरशी बारा महिने ओली असायची, आणि मामांना ती तशी आवडायची.

नवं सील बसवताना मामा चकतीला बोट लावू द्यायचे नाहीत. बोटाचा घामसुद्धा तिला चालत नाही. बायकोच्या जुन्या सुती लुगड्याचे धुवून ठेवलेले तुकडे त्यांच्या डब्यात असायचे, चकती फक्त त्यात धरायची. पण सील मेलं, खोलून बाहेर काढलं, की मग मात्र ते चकती उघड्या हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि बोटाचं टोक तिच्यावरून फिरवायचे. खरवड लागली तर पाण्यात कचरा होता. बारीक फोड लागले तर गरम झालं. केसासारख्या आडव्या रेषा लागल्या तर सुकं चाललं. कंपनीचा इंजिनियर नंतर भिंग घेऊन यायचा आणि तेच सांगायचा. बेअरिंगचंही तसंच. तिथे तळहात लावायचा नाही, चटका बसला तर मूठ आवळते. उलटा हात लावायचा, बोटांची मागची बाजू, आणि तीन श्वास थांबायचं. मामा त्या तीन श्वासांत पंपाची तब्येत सांगायचे. मला सहा वर्षांत त्यातलं निम्मंही जमलं नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला घरच्यांना बोलावलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी यंत्रांना विश्रांती. पुसून, झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडून मगच यंत्र फिरवायचं. नारळ फोडल्यावर पहिलं बटण ज्याच्या हाताखाली यंत्र असेल त्यानं दाबायचं. बॉयलर मात्र गार करत नाहीत, तो परत तापवण्यात दिवस जातो. म्हणजे पूजेपुरते पंप थांबलेले, पण पोटात पाणी तसंच उकळत्याच्या वरचं. मामा अंघोळ करून धोतर नेसायला गेले, जाताना मला एवढंच म्हणाले, "पंप थांबला तरी गार पाणी थांबवायचं न्हाई."

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. बायको पहिल्यांदाच कारखान्यात आली होती. रांगोळीला तिचा हात कोरगावात नावाजलेला. साहेबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, मग पंपासमोर काढा, फोटोत छान दिसेल. इतक्या वर्षांत पंपासमोर फोटो काढायचं कुणाच्या मनात आलं होतं ते पहिल्यांदाच. मला केवढा मान वाटला. ती रंगांच्या पुड्या घेऊन आली, टाचा उचलून ओल्यात उभी राहिली आणि म्हणाली, "आयकतात? ही फरशी सुकी करून दियात. उदकार रंग रावना."

पाण्यावर रंग राहणार कसा? मी फडकं मारलं. पुन्हा शिंतोडे आले. पुन्हा फडकं मारलं. नरसाळ्यावर पुठ्ठा धरला, तो भिजून वाकला. ती पुडी हातात धरून बघत उभी. मग मी मागे गेलो आणि गार पाण्याचा वॉल्व बंद केला. चार फेरे. आरतीपुरतं, दहा मिनिटांचा तर प्रश्न. फरशी सुकली. तिनं पंपासमोर मोराचा पिसारा काढला, आणि खरं सांगतो, ती जागा इतकी सुंदर मी कधी पाहिली नव्हती.

मोठे साहेब पणजीहून यायचे होते, ते तासभर उशिरा आले. मग आरती, तीही सगळ्या कडव्यांसकट. कुणाला घाई नव्हती. प्रसादाच्या चिरमुल्या-खाज्याच्या पुड्या वाटल्या गेल्या. मी बायकोशेजारी उभा होतो. लोक येऊन तिची रांगोळी बघत होते आणि मी मोठेपणा मिरवत होतो. वॉल्व माझ्या डोक्यातून साफ गेला होता. नारळ फुटला. पांढरं धोतर, कपाळाला कुंकू, अशा वेशात मामांनी पंपाला हात जोडले आणि हिरवं बटण दाबलं. नरसाळ्यावर कुणीतरी फुलांची परडी ठेवली होती आणि फरशी रांगोळीखाली झाकली होती. नाही तर बटण दाबायच्या आधी त्यांनी धार बघितलीच असती.

पंप फिरायला लागला तेव्हा मला आठवलं.

इथे माझ्याकडे किती वेळ होता याचा मी पुष्कळ हिशेब केला आहे. ओरडायला वेळ होता. "मामा, बंद करा" एवढं म्हणायला एक श्वास लागतो. त्यांनी लाल बटण दाबलं असतं, सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं असतं, आणि पाणी कुणी बंद केलं, का बंद केलं, हे बायकोदेखत, साहेबांदेखत सांगावं लागलं असतं. एवढंच झालं असतं. मला ते जमलं नाही. मी कुणाला न दिसेल असा मागे सरलो आणि वॉल्व उघडला. भराभर, चारही फेरे. तापलेल्या सीलला अचानक गार पाणी दाखवायचं नाही, हे मला त्याच माणसानं शिकवलं होतं. गरम तव्यावर पाणी ओतल्यावर काय होतं ते स्वयंपाकघरातल्या कुणालाही ठाऊक असतं. मामा नेहमीप्रमाणे वाकले होते. उलटा हात बेअरिंगवर, दुसरा हात आधाराला सीलजवळ, तीन श्वास मोजत.

चकती फुटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. वाफेचा आवाज मोठा होता. पांढऱ्यात काहीच दिसेना. लोक बाहेर पळाले, मी भिंतीवरच्या इमर्जन्सी बटणापर्यंत पोचून पंप बंद केला आणि दुसरा वॉल्व आवळून गरम पाणी तोडलं. त्याबद्दल नंतर माझं कौतुकही झालं. मामांनी तोंड वाचवायला दोन्ही हात पुढे धरले होते. तोंड वाचलं, गालावर थोडं आलं. हात वाचले नाहीत. ते रांगोळीत बसले होते आणि दोन्ही हात वर धरून बायाबापड्यांना पुढे येऊ नका म्हणून सांगत होते.

पाचव्या दिवशी साहेबांनी मला मोठ्या इस्पितळात पाठवलं. मामांचा जबाब हवा होता. हातांना कोपरापर्यंत बँडेज, लिहिणार कसे? साहेब मला म्हणाले, तुझं अक्षर चांगलं आहे, ते सांगतील तसं लिहून आण. मी खाटेजवळ स्टुलावर बसलो. मामा हळूहळू सांगत गेले. पूजा होती, पंप थांबवला होता, अमक्या वाजता बटण दाबलं. मग म्हणाले, "कूलिंगचं पाणी बंद राहिलं. जबाबदारी माझी." आणि थांबले. बराच वेळ थांबले. मला वाटलं, दुखतंय. मी ते वाक्य लिहून संपवलं, वर बघितलं नाही. मग त्यांनी विचारलं, "लिहिलंस?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, मग पुढचं लिही.

खाली त्यांच्या नावापुढे सहीच्या जागी मी लिहिलं, हात जखमी असल्याने सही करू शकत नाहीत. साक्षीदार म्हणून माझी सही केली. परतीच्या बसमध्ये मी स्वतःला समजावलं, परवाना त्यांचा, कायद्यानं जबाबदारी त्यांचीच आहे, माझ्या सांगण्यानं काय बदलणार? माणूस स्वतःची समजूत किती पटकन घालतो, हे मला त्या दिवशी कळलं.

मामांवर निष्काळजीपणाचा शेरा बसला. ठेकेदारानं नवा माणूस पाठवला. हात बरे झाले म्हणजे कातडी जुळली. बोटं अर्धी वळायची, आणि टोकांना काही कळेनासं झालं. बायको येऊन त्यांना गावी घेऊन गेली. जाताना ते कारखान्याच्या फाटकापर्यंत आले होते, असं मला सांगितलं गेलं. मी तेव्हा आत पंपावर होतो. पंप आता माझ्याकडे होता. मामांच्या हाताखाली तयार झालेला म्हणून साहेब मला लोकांपुढे करतात, अजूनही करतात.

फुटलेली चकती मी ठेवून घेतली होती, तिचा मोठा तुकडा. लुगड्याच्या कापडात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत, तळाला. चार वर्षं ती तिथे होती. पाना शोधताना कापड हाताला लागायचं आणि उरलेला दिवस मी माणसांवर भुंकत काढायचो. घरीही तेच. गेल्या दिवाळीत बायको अंगणात मोराचा पिसारा काढायला बसली, आणि मी तिच्या अंगावर ओरडलो की तुझ्या ह्या नादापायी एका माणसाचे हात गेले. चार वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिच्यावर ढकलून सांगितलं. नीचपणाला काही सीमा? ती रडली नाही. रंगांच्या पुड्या बांधल्या, पायानं पिसारा पुसून टाकला आणि सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "माका सांगून कितें जातलें? वचून तांकां सांगात."

पुढच्या रविवारी मी मामांना जाऊन सांगायला म्हणून दोडामार्गावरून तिलारीचा घाट चढून गेलो. स्कूटरच्या डिकीत काजूगर, सकाळचे उंडे आणि तो तुकडा. घर सापडायला वेळ लागला नाही. मामा ओसरीवर बसले होते. अंगात सदरा होता, त्याची बटणं काढून टाकून पट्ट्या लावलेल्या होत्या, दाबल्या की चिकटणाऱ्या. मला बघून त्यांना आनंद झाला. खोटा नव्हता तो आनंद, म्हणून जास्त जड गेलं. पंप कसा चाललाय, नवा बॉयलरवाला धार बघतो का, हे विचारत राहिले. मामींनी उंडे बघितले, एक फोडला, तुकडे करून ताटलीत मांडले आणि चहा टाकायला आत गेल्या.

मी तुकडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी सवयीनं डोळे मिटले आणि अंगठा त्यावरून फिरवला. पुन्हा फिरवला. मग डोळे उघडले आणि तुकडा उजेडाकडे धरून नुसता बघितला.

"गार पाणी," ते म्हणाले. "तापल्यावर एकदम घातलेलं."

"मी घातलं, मामा. वॉल्व आधी मीच बंद केला होता, रांगोळीसाठी. पंप फिरल्यावर आठवलं आणि गुपचूप उघडला."

"ठाऊक हाय. मी वाकलो हुतो तवा तुझा हात वॉल्वच्या चाकावर बघितला. सांगायला तोंड उघडलं, तंवर फुटलं."

मी म्हणालो, मी आता लिहून देतो. साहेबांना देतो, तपासणी खात्याला देतो, शेरा पुसून टाकायला लावतो. आवाज चढला होता माझा. ते शांतपणे ऐकत होते. परवान्याचा कागद आत पेटीत आहे, असं म्हणाले, शेरा गेला तरी तो घेऊन कुठल्या पंपावर जाऊ ते सांग. ते तुकडा परत कापडात गुंडाळायला लागले. कापड बोटांतून सुटत होतं. मी हात पुढे केला तर मानेनंच नको म्हणाले.

"लिहिताना तू थांबशील असं वाटलं हुतं," मग ते म्हणाले. "त्या वाक्यावर मी मुद्दाम थांबलो. पाच दिवस तेवढाच इचार करीत पडलो हुतो, की ह्यो पोरगा तिथं थांबंल. तू न्हाई थांबलास. अक्षर बी किती चांगलं काढलंस."

मामी चहा घेऊन आल्या. एक पेला माझ्यापुढे ठेवला, दुसरा मामांच्या जवळ. तो त्यांनी लगेच दिला नाही. उलटा हात पेल्याला लावला, बोटांची मागची बाजू, आणि थांबल्या. पुन्हा लावून बघितला. मग मामांच्या दोन्ही हातांत पेला दिला आणि खालून आपला हात धरून ठेवला. माझा पेला त्यांनी तपासला नाही. मला चटका कळतो.